तालुक्याच्या वार्ताहरांनो, सोमवारी दुपारी ३ वाजता या

राज्यातले सर्व तालुका वार्ताहर, शहर प्रतिनिधी आणि साप्ताहिकांचे संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०१८मध्ये सामान्य प्रशासन विभागाने एक शासन निर्णय काढला. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हास्तरावरच्या कार्यालयांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपले अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवावेत, असं त्यात सांगितलं आहे. माहिती अधिकारातले अर्ज आणि अपिलं कमी व्हावीत, हा त्यामागचा सरकारी हिशेब. कल्पना मंत्रालयाची नव्हती. पुणे महापालिकेत २००९पासून असा सोमवार पाळला जात होता, तोच राज्याने उचलला. म्हणजे ३० दिवस वाट पाहायची नाही, अपिलाची पायरी चढायची नाही. जायचं, फाइल मागायची, बसून वाचायची.

मी एका नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेला कारकून. गावाचं नाव सांगत नाही, कारण इतर गावांतल्या सहकाऱ्यांकडून जे ऐकतो ते काही वेगळं नसतं. हा निर्णय आला तेव्हा मी नोकरीत होतो. सूचना फलकावर कागद लागला, अभिलेख कक्षात एक टेबल आणि दोन खुर्च्या आल्या, नोंदवही घातली गेली. त्या नोंदवहीत कोणाची नावं पडत, ते मला पाठ आहे. ठेकेदारांचे लोक यायचे, ते दुसऱ्या ठेकेदाराची फाइल बघायला. नगरसेवकांचे कार्यकर्ते यायचे, विरोधी प्रभागातली कामं शोधायला. घरपट्टीच्या वादातले एकदोन पेन्शनर, गुंठेवारीत अडकलेला एखादा माणूस. वार्ताहर मात्र वरच्या मजल्यावर मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात असत. चहा व्हायचा, पत्रक हातात पडायचं, गाड्या सुरू व्हायच्या. जिन्याखालच्या आमच्या खोलीत कुणी डोकावलं नाही. पुढे ते टेबल निवडणूक शाखेने नेलं.

असलं पत्र अधिकाऱ्यांना लिहावं, असं कुणी म्हणेल. अधिकाऱ्यांना गेलेल्या पत्रावर आवक क्रमांक पडतो आणि ते पुढे कुठल्या गठ्ठ्यात जातं, हे मी जन्मभर पाहिलं आहे. सोमवार मोडायला आदेश लागला नाही. मागणारे आले नाहीत एवढं पुरलं. आणि ज्यांनी आधी मागायला हवं होतं, ते तुम्ही.

तुम्हीच का? तर हा कायदा मुळात तुमच्या धंद्याच्या घरातला आहे म्हणून. छापण्याचं स्वातंत्र्य आणि सरकारी कागद पाहण्याचा हक्क या दोन गोष्टी जगात पहिल्यांदा एकाच कायद्यात आल्या. १७६६ साली, स्वीडनमध्ये. त्यामागे अँडर्स चिडेनियस नावाचा एक पाद्री होता, आजच्या फिनलंडमधल्या किनारपट्टीकडचा. व्यापाराच्या मक्तेदाऱ्यांवरून राजधानीशी भांडणारा माणूस. छापायची मोकळीक दिली, पण छापायला कागदच हाती लागू दिला नाही, तर त्या मोकळिकीत उरतं काय, हे त्या कायद्याने अडीचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज शंभराहून जास्त देशांत माहितीचे कायदे आहेत, २८ सप्टेंबर हा त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवसही पाळला जातो. आपल्या कार्यालयांत त्या दिवशी शपथ होते, निबंधस्पर्धा होते. असो.

आपल्याकडे हा कायदा दुसऱ्या दाराने आला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने १९९४च्या डिसेंबरात कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. विकासकामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढीच पद्धत. हजेरीपटावर कुणाची नावं आहेत, किती मजुरी दाखवली आहे, हे वाचलं की ज्याचं नाव आहे तोच उभा राहून सांगायचा, मी तर त्या कामावर गेलोच नव्हतो. असे कागद पाहण्याच्या हक्कासाठी १९९६मध्ये तिथल्याच ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. त्याच सुमारास भारतीय प्रेस कौन्सिलने माहितीच्या कायद्याचा मसुदा तयार केला. तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी माणूस. वृत्तपत्रांच्या संस्थेने, एका मराठी न्यायाधीशाच्या हाताखाली, देशातल्या माहिती अधिकाराचा सुरुवातीचा मसुदा लिहिला. तुमच्या संघटनांच्या पत्रकार दिनाच्या भाषणांत 'दर्पण' आणि बाळशास्त्री दरवर्षी येतात, ते यावेतच. पण सावंतांचा हा मसुदा मी एकाही भाषणात ऐकला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तामिळनाडू आणि गोव्याने १९९७मध्ये आपापले कायदे केले, महाराष्ट्राने २०००मध्ये एक बोथट आणि २००२मध्ये एक बरा कायदा केला, ऑगस्ट २००३मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा त्याला राष्ट्रपतींची मंजुरी आली, आणि १२ ऑक्टोबर २००५पासून केंद्राचा कायदा लागू झाला. राज्यात अर्जांचा पूर आला. अर्ज करणाऱ्यांत शिक्षक होते, शेतकरी होते, निवृत्त अभियंते होते, धंदा म्हणून अर्ज टाकणारेही होते. वार्ताहरांची संख्या या सगळ्यात नेहमीच कमी. माझ्या टेबलावरून गेलेल्या अर्जांबद्दल तरी मी हे छातीठोकपणे सांगतो.

आता तुमच्या पानाकडे येतो. आमच्या तालुक्यात पाच-सहा दैनिकांच्या आवृत्त्या येतात, शिवाय साप्ताहिकं. सकाळी वाचनालयात ती शेजारी शेजारी ठेवून बघा. आमदारांच्या हस्ते भूमिपूजन, निधी इतके कोटी, 'नागरिकांतून समाधान'. मजकूर तोच, परिच्छेद तेच. अध्यक्षांचं आडनाव पत्रकात चुकीचं टाइप झालं असेल तर सगळीकडे तेच चुकलेलं आडनाव. कारण बातमी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेली असते. त्या ग्रुपचा ॲडमिन कोण असतो, हे मी सांगायची गरज नाही. माहिती व जनसंपर्क खात्याचं काम सरकारची बाजू सांगणं हे आहे, ते ती सांगतात, त्यात त्यांचं चुकत नाही. सरकार तर तुमच्याकडे बारकाईने बघतंही आहे. छापून आलेल्या, दाखवलेल्या बातम्यांची सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी करणारं केंद्र उभारायला मार्च २०२५मध्ये राज्य सरकारने १० कोटी रुपयांची मान्यता दिली. ते तुमची बातमी वाचायला १० कोटी खर्च करणार, आणि तुम्ही त्यांची फाइल फुकटात वाचायला जात नाही.

फाइल वाचणं कठीण असतं, हा गैरसमज आहे. ती कंटाळवाणी असते, ते वेगळं. एखाद्या प्रभागातल्या काँक्रीट रस्त्याची फाइल घ्या. एका बाजूला टिपणी, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणी खालून वर नाही, पहिल्या पानापासून वाचा. कोणी काय प्रस्तावित केलं, कोणी 'चर्चा करावी' लिहून परत पाठवलं, आणि त्या चर्चेनंतर शेरा कसा बदलला, हे सगळं तिथे हस्ताक्षरात असतं. मग ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. या कागदांवरच्या फक्त तारखा एका वहीत खाली खाली उतरवून काढा. मजकूर नंतर. निम्म्या फाइलींमध्ये तारखाच बोलायला लागतात.

उदाहरण देतो. काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत चेपून त्यांची ताकद तपासतात, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी. कार्यालयात त्याला क्यूब टेस्ट म्हणतात. २८ दिवसांचा अहवाल फाइलला लावलेला असतो आणि मोजमाप पुस्तिकेप्रमाणे काँक्रीट ओतून तेव्हा १५ दिवसच झालेले असतात, तर तो अहवाल कशाचा? यासाठी अभियंता असावं लागत नाही, कॅलेंडर पुरतं. किंवा कार्यारंभ आदेशाच्या आधीची तारीख मोजमापाला. म्हणजे काम आधी झालं आणि निविदा मागाहून. किंवा एकाच गल्लीचे तीन तुकडे: 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत', 'तमुक यांच्या घरापासून मारुती मंदिरापर्यंत', 'मारुती मंदिर ते मुख्य रस्ता'. तिन्ही कामं ई-निविदेच्या मर्यादेच्या जराशी खाली, तिन्हींचे तुलनात्मक तक्ते काढले तर भाग घेणारे तेच तिघे, फक्त पहिला-दुसरा-तिसरा क्रम फिरलेला. किंवा तोच रस्ता एकदा वित्त आयोगाच्या निधीतून, एकदा आमदार निधीतून. दोन फाइली दोन टेबलांवर असतात, कधी दोन कार्यालयांत. त्या शेजारी ठेवून कुणी बघत नाही म्हणून तर हे चालतं.

बाकी कार्यालयांत हीच पद्धत वापरा. टंचाईच्या काळात तहसील आणि पंचायत समितीत टँकरच्या खेपांची नोंदवही, जीपीएसचा अहवाल आणि देयक, या तीन कागदांचा मेळ बसतो का ते बघा. लेखापरीक्षणाचे अहवाल तर तयार शिधा आहेत. आक्षेप कोणी दुसऱ्याने शोधून ठेवलेले असतात, तुम्ही फक्त अनुपालन झालं का, म्हणजे आक्षेपाप्रमाणे दुरुस्ती झाली का, एवढं विचारायचं असतं. आक्षेपांवर 'नोंद घेण्यात आली आहे' एवढंच उत्तर वर्षानुवर्षं दिलेलं दिसलं तर तीच बातमी.

मोठी प्रकरणंही अशाच उघड्या कागदांतून निघतात. राज्याच्या २०११-१२च्या आर्थिक पाहणी अहवालात दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा सरकारनेच छापला होता. त्या आकड्याबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले, श्वेतपत्रिका निघाली, सप्टेंबर २०१२मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत ते परतलेही. त्या वादात कोण खरं हा माझा विषय नाही. आकडा गुप्त नव्हता, तो छापील पुस्तकात होता, एवढंच मला दाखवायचं आहे.

ब्रिटनमधली गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती बिलांची आहे. हेदर ब्रुक नावाच्या पत्रकाराने खासदारांच्या खर्चाची बिलं मागितली. तिथला माहितीचा कायदा जानेवारी २००५मध्ये लागू झाला. संसदेने टाळाटाळ केली, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं, उच्च न्यायालयात गेलं, मे २००८मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तरी कागद यायला वर्ष गेलं. आणि मे २००९मध्ये सरकारी प्रसिद्धीच्या आधीच ती सगळी बिलं फुटून एका दैनिकाच्या हाती लागली. वाड्याभोवतीच्या खंदकाची साफसफाई, तळ्यातल्या बदकांसाठी १,६४५ पौंडांचं तरंगतं घर. लोक हसले, मग चिडले. सभागृहाच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. पण खरी गंमत पुढे आहे. जूनमध्ये संसदेने अधिकृतपणे तेच कागद प्रसिद्ध केले तेव्हा त्यांवर जागोजागी काळे पट्टे होते. पत्ते झाकलेले. आणि सगळ्यात मोठी लबाडी पत्त्यांतच होती: कोणतं घर 'दुसरं घर', म्हणजे ज्याचा खर्च सरकारी पैशातून मिळे ते, म्हणून दाखवायचं हे खासदार सोयीने बदलत होते. फक्त अधिकृत प्रत हाती आली असती तर ते कुणालाच कळलं नसतं.

हे सांगतो आहे ते आपल्याकडे तसेच काळे पट्टे येत आहेत म्हणून. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ)मध्ये वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण अटी होत्या: तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी व्हावी, आणि जनहित मोठं असेल तर तीही द्यायची. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असं परंतुकही, म्हणजे जोडीचं वाक्यही, सोबत होतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या अटी आणि ते परंतुक दोन्ही काढून टाकलं आणि उरलं ते एवढंच: वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये ही दुरुस्ती अंमलात आली.

कार्यालयात बसलेल्या माणसाला याचा अर्थ कसा लागतो, ते मी सांगतो. फाइलमध्ये नाव नाही असा कागदच नसतो. ठेकेदाराला नाव आहे, लाभार्थ्याला नाव आहे, हजेरीपटावरच्या मजुराला आहे, सही करणाऱ्या अभियंत्याला आहे. ज्याला द्यायचं नाही त्याला आता प्रत्येक पान वैयक्तिक आहे. घरकुलाच्या यादीत नावं झाकून नुसते आकडे दिले, तर मेलेला लाभार्थी सापडणार कसा? सख्ख्या भावांच्या नावावर दोनदा उचललेलं अनुदान कळणार कसं? ब्यावरच्या धरण्यामागे हजेरीपट होता आणि हजेरीपट म्हणजे नावं. खासगी माहितीला संरक्षण हवं, याबद्दल माझं दुमत नाही. कुणाचा आजार, कुणाचं बँक खातं, कुणाच्या मुलीचा फोन नंबर चव्हाट्यावर येऊ नये. ते पूर्वीच्या शब्दांतही झाकता येत होतं आणि आम्ही झाकत होतो.

दोन दारं मात्र अजून उघडी आहेत, ती लक्षात ठेवा. कलम ८(२) तसंच आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४ तसंच आहे. अनुदानाच्या योजनांत कुणाला किती दिलं, परवाने आणि सवलती कुणाला मिळाल्या, कर्मचाऱ्यांना दरमहा वेतन किती, हे कार्यालयाने कुणी न मागता प्रसिद्ध करायचं आहे. बहुतेक कार्यालयांच्या संकेतस्थळावर ही १७ बाबींची यादी असते. तिच्यातली माहिती किती जुनी आहे ते बघा, करमणूक होईल. बदलून गेलेल्या साहेबांची नावं अजून तिथे खुर्चीत बसलेली असतात.

सोमवारी गेल्यावर काय होईल, तेही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही पहिल्याच फेरीत वैतागणार नाही. पहिलं उत्तर मिळेल, 'असा काही निर्णय नाही.' शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा. दुसरं उत्तर, 'साहेब बैठकीला गेलेत.' पहिल्या सोमवारी जिल्ह्याला आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो, त्या दिवशी हे खरंही असेल. पण फाइल साहेबांच्या खिशात नसते. अभिलेखपाल जागेवर असतो. तिसरं, 'लेखी अर्ज द्या.' तिथेच उभं राहून द्या. कलम २(ञ)मध्ये माहिती अधिकाराची व्याख्या आहे, तिच्यात कागदपत्रांची पाहणी करणं, टिपणं घेणं स्पष्ट शब्दांत आहे. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा असा नियम २०१२पासून आहे, म्हणून थोडक्यात लिहा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप. चौथं उत्तर सगळ्यात वाईट, 'अभिलेख आढळून येत नाही.' त्यावर फारसं बोलू नका, हेच वाक्य लेखी मागा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नावाचा एक कायदा आहे. अभिलेख बेकायदा नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ हरवलेल्या फाइली संध्याकाळपर्यंत सापडतात.

आणि फाइल सापडायला हवी, कारण ठेवण्याची पद्धत आपल्याकडे चांगली आहे. १९८०च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालय आणि अभिलेख कक्ष लावून दाखवला, तो 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. सहा गठ्ठ्यांची पद्धत प्रत्येक कारकुनाला शिकवली जाते. अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा ३० वर्षं. अभिलेखपालाला 'ती रस्त्याची फाइल द्या' म्हणू नका. वर्ष, योजनेचं शीर्ष, ठराव क्रमांक सांगा. शक्यतो गुरुवारीच चिठ्ठी देऊन ठेवा, म्हणजे तो रुमाल, म्हणजे फाइलींचा कापडात बांधलेला गठ्ठा, खाली काढून ठेवेल. मोबाइलवर फोटो काढू देतीलच असं नाही. त्यावर वाद घालत बसू नका, टिपणं काढा, हव्या त्या पानांच्या २ रुपये दराने प्रती मागा.

हे न करता सरळ अर्ज आणि अपिलांच्या रस्त्याने गेलात तर? पहिलं अपील, मग दुसरं, आणि राज्य माहिती आयोगापुढे अलीकडच्या वर्षांत एक लाखाच्या वर अपिलं आणि तक्रारी पडून राहिल्या आहेत. सुनावणीची तारीख येईपर्यंत रस्ता उखडून दुसरा होतो, तुमची बदली होते, कधी वर्तमानपत्रच बंद होतं. कसूर करणाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड आहे खरा. तो ज्यांना बसला अशी माणसं मला फार दिसली नाहीत.

कार्यालयात माहिती मागणाऱ्याला एक शब्द ठेवलेला आहे, ब्लॅकमेलर. काही जण आहेतही. फाइल मागवायची, खोट सापडली की ती छापायची नाही, विकायची. हे धंदे पत्रकाराचं ओळखपत्र गळ्यात घालूनही चालतात, आणि तुम्हाला ती माणसं नावानिशी ठाऊक आहेत. पण त्यांचा धंदा चालतो कशावर? बाकी कुणाला ते कागद दिसत नाहीत यावर. दर सोमवारी चार वार्ताहर तीच फाइल उघडून बसले, तर लपवण्याची किंमत उरत नाही आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक उरत नाही. ब्लॅकमेलरांचा जाच होतो म्हणून दारं बंद करणारा अधिकारी त्यांचाच माल महाग करतो आहे, हे मी एकदा बैठकीत बोललो होतो. इतिवृत्तात ते आलं नाही.

भीतीचाही विचार केला पाहिजे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांचे कागद मागत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा भर रस्त्यात खून झाला. अर्जावर नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि तो अर्ज ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्यापर्यंत किती वेळात पोहोचतो हे मी सांगू शकतो: बहुतेकदा त्याच संध्याकाळी. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, एकट्याने जाऊ नका. तुमच्यात स्पर्धा आहे, मान्य. पण फाइल पाहायला सहाही दैनिकांचे लोक एकदम जा, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी छापा. मग कुणा एकाच्या दारात गाडी थांबवून उपयोग होत नाही. ज्याला 'एक्सक्लुझिव्ह' हवं असेल त्याने टिपणीतला शेरा जास्त बारकाईने वाचावा.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. तालुका वार्ताहराच्या मानधनात महिन्याचं पेट्रोल निघत नाही. पोट जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, दिवाळी, २६ जानेवारी, आणि मधे नेत्यांचे वाढदिवस. ज्याच्या कामाची फाइल वाचायची त्याच्याचकडून पानभर शुभेच्छा आणायच्या, आणि नगरपरिषदेच्या निविदा सूचनेसाठी त्याच मुख्याधिकाऱ्याच्या दारात उभं राहायचं. अशा माणसाला मी शौर्य शिकवणार नाही. ते बोलणं पुण्या-मुंबईच्या आवृत्ती प्रमुखांशी आहे, आणि तेही हे पत्र वाचतील अशी आशा धरतो: साहेब, तुम्ही वार्ताहराला दिवाळीच्या जाहिरातीचं उद्दिष्ट आकड्यात देता. महिन्याला कागदावर आधारलेली एक बातमी, एवढंही उद्दिष्ट द्या. ती आली तर खाली त्याचं नाव छापू नका, 'प्रतिनिधी' एवढंच लिहा; आणि जाहिरात तुटली तर तिचा तोटा त्याच्या कमिशनमधून कापू नका. साप्ताहिकवाल्यांना एवढंही सांगायची गरज नाही. तुम्हाला आठवडा मिळतो, सोमवारी पाहून शुक्रवारी छापता येतं, जे दैनिकाला जमत नाही.

कुठून सुरुवात करायची हे ठरत नसेल तर सोपं काम सुचवतो. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावात कुणीतरी रस्त्यावरच्या खड्ड्यात झाड लावून आंदोलन केलं असेल, तुम्ही फोटो छापला असेल. त्याच रस्त्याची फाइल मागा. करारनाम्यात दोषदायित्व कालावधीचं कलम शोधा. काम पूर्ण झाल्याच्या तारखेत तेवढी वर्षं मिळवा. त्या मुदतीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो, आणि ती मुदत संपेपर्यंत त्याची ठेव कार्यालयाकडे असते. मग देयकांच्या नोंदवहीत दोन गोष्टी बघा: ती ठेव परत दिली का, आणि दिली असेल तर कोणत्या तारखेला, आणि मुदत चालू असतानाच त्याच रस्त्याच्या डागडुजीची नवी निविदा निघाली का. दोन तासांत होण्यासारखं काम आहे.

अभिलेख कक्षात पंखा नसतो. पाण्याची बाटली आणि हात पुसायला फडकं आणा.

आपला,
एक निवृत्त अभिलेखपाल